जिवंत माणसाला भिंतीवर टांगत नाहीत

“हार काढा त्या बाईच्या फोटोवरचा. जिवंत हाय ते. तिकडं आता सकाळ झाली असन, चहा पिऊन राह्यली असन, आन तुमी तिले उदबत्ती ओवाळून राह्यले?”

ओरडत होतो तो मी. कारंज्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहात, भर शोकसभेत, अध्यक्षांचं भाषण ‘त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी’ इथपर्यंत आलेलं असताना. माझा आवाज तसा बेताचाच. कामरगावच्या स्टँडवर जीपजवळ उभं राहून मी “कारंजा, कारंजा” अशी हाक मारली की कारंज्यातली माणसं पाहुणे आले म्हणून चहा टाकतात, एवढाच. पण त्या दिवशी मी जरा जोर लावला, आणि मागच्या रांगेतले एक आजोबा, जे दहा वर्षांपासून ठार बहिरे आहेत, ते “काय झालं?” म्हणून उठून उभे राहिले. समोरच्या भिंतीवर अंतराळवीर ओळीने टांगलेले होते. अमेरिकेचे, रशियाचे, एक जपानी... प्रत्येकाच्या फोटोवर त्याच्या स्वतःच्या हातची सही, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार, खाली समई. त्यातला एक गडी तर त्या घडीला जमिनीवरसुद्धा नव्हता. वर आभाळात पृथ्वीला चकरा मारत होता, आणि तो डोक्यावरून जात असताना खाली कारंज्यात त्याच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली जात होती.

ज्याच्यासाठी सभा भरली होती, त्या अन्वरभाईचा फोटो मात्र कुठंच नव्हता. आणि सगळा घोळ तिथूनच झाला होता.

अन्वरभाई म्हणजे कारंज्याच्या बस स्टँडजवळचा फोटोफ्रेमवाला. माझी जीप नंबर लावून जिथं उभी राहते, त्याच्या अगदी समोर त्याचं दुकान. तालुक्यात माणूस वारला की डॉक्टरच्या खालोखाल अन्वरभाईला कळायचं, कारण तेरवीच्या आत फ्रेम पाहिजे असायची. अख्ख्या तालुक्याचे आजोबा त्यानं काचेत बसवले, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसला नाही. घरीही भिंतीवर कोणाचा फोटो नाही. “आमच्या घरी ते चालत नाही भाऊ,” एवढंच म्हणायचा. आधार कार्डावर एक होता म्हणे, पण त्यात तो असा दिसायचा की बँकेतला शिपाई कार्ड पाहून आधी तिजोरी बंद करायचा.

अशा माणसाला अंतराळवीरांच्या सह्या गोळा करायचा नाद लागला. आसेगावच्या एका गुरुजींनी मासिकातून कापलेलं एका अंतराळवीराचं चित्र फ्रेमला दिलं, मग त्यांची बदली झाली आणि ते न्यायला आलेच नाहीत. ते चित्र काउंटरवर पडून राहिलं. एक दिवस अन्वरभाई मला म्हणाला, “भाऊ, हा मानूस दोन वर्षांपासून माह्याकडं पाहून राह्यला. याले इचारलं पाह्यजे काय पाह्यजे ते.” आणि खरंच विचारलं. त्याची लेक नाझिया तेव्हा शाळेत होती, तिनं इंग्रजीत पत्र लिहून दिलं, मजकूर बापाचा: मी फ्रेमा बनवतो, सही करून फोटो पाठवला तर चांगली फ्रेम बनवीन, साइज कळवा. चंद्राला वळसा घालून आलेल्या माणसाला कारंज्याचा माणूस साइज विचारत होता. मी इतका हसलो की जीपमधल्या सवाऱ्या उतरून दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसल्या. पण काही महिन्यांनी जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. आत फोटो, त्यावर निळ्या शाईत सही, आणि सोबत चिठ्ठीत साइज.

त्या दिवशी स्टँडवर जी गर्दी झाली, तेवढी मंत्री आला तेव्हाही नव्हती. जो तो फोटो हातात घेऊन पाहायचा. कोणी म्हणालं छापील आहे, कोणी म्हणालं नाझियानंच केली सही. एका शहाण्यानं तर थुंकी लावून अंगठा घासला, आणि सहीचं शेवटचं अक्षर पसरलं. मी त्याची गचांडी धरली. अन्वरभाई मात्र फोटो तिरका धरून पाहत होता आणि त्याच्या तोंडावर ईदचा चांद दिसल्यासारखा आनंद. “छापील असती तर पसरली असती का भाऊ? हातची हाय.” मग तो दर महिन्याला पत्रं पाठवू लागला. काही उत्तरं यायची, बरीचशी नाही यायची. काहींवर यंत्रानं केलेली सही असायची. एकाच माणसाचे दोन फोटो आले की तो एकावर एक ठेवून काचेमागे दिवा धरायचा. सह्या तंतोतंत जुळल्या की फोटो बाद. “मानूस दोनदा सारखा सही करत नाही,” म्हणायचा. बाद फोटो फेकायचा नाही. देवांच्या तसबिरींना मागून पुठ्ठा म्हणून लावायचा. आज कारंज्यात किती देवांच्या पाठीशी अंतराळवीर उभे आहेत हे फक्त देवांनाच माहीत.

आणि त्याचा एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय माझा संताप कोणाला कळणार नाही. आपल्याकडे भिंतीवर फोटो चढला म्हणजे माणूस गेला. हे अन्वरभाईला कोण शिकवणार, त्याचं पोट त्यावर चालायचं. म्हणून जिवंत अंतराळवीर तो कधीच टांगायचा नाही. बटर पेपरमध्ये घालून काउंटरच्या खालच्या खणात, अंधारात. उन्हानं शाई उडते हे एक, आणि दुसरं म्हणजे... “जित्या मानसाले टांगलं तर त्याची उमर कमी होते भाऊ. ते आधीच जोखमीचं काम करून राह्यले.” त्यातला कोणी वारल्याची बातमी आली की अन्वरभाई दुकान अर्धं बंद करायचा, साग निवडायचा, फ्रेम बनवायचा आणि मग तो अंतराळवीर दुकानाच्या आतल्या भिंतीवर जायचा, जिथं ऊन पोचत नाही. फोटो आणि काच यांच्यामध्ये नखाएवढी जागा ठेवायचा, कारण काच शाईला टेकली की उन्हाळ्यात सही फोटो सोडून काचेला जाऊन बसते. त्या दिवशी आम्हा जीपवाल्यांना त्याच्याकडून चहा. नवीन गिऱ्हाईक हळू आवाजात विचारायचं, “तुमचे कोन होते?” हा म्हणायचा, “वळखीचे होते.”

अख्खं गाव त्याला ‘चांदमामू’ म्हणून चिडवायचं. आज जे अध्यक्ष माइकवरून ‘आमचे अन्वरभाई’ म्हणत होते, ते वडिलांच्या फोटोला फ्रेम करायला आले होते तेव्हा भिंतीकडे बघून काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे: “अन्वर, यायनं तुले काय देल्लं रे? एखादा तरी कारंज्याचा ठेव.” अन्वरभाई म्हणाला, “ठेवतो ना साहेब. तुमचा बी ठेवीन, घाई कायले करता.” अध्यक्षांना तो विनोद समजायला बहुतेक घरी पोचावं लागलं, कारण नंतर वर्षभर ते त्या रस्त्यानं आले नाहीत.

मरायची काही रीत असते. माणसानं आजारी पडावं, चार लोकांना भेटावं, दोन शिव्या खाव्यात, मग जावं. अन्वरभाईनं तेही केलं नाही. सकाळी छाती चोळत उभा होता. मी म्हटलं, चाल, जीपमध्ये बस, दवाखान्यात सोडतो. तो म्हणाला, रात्रीची मिरची बाधली, आन ही लग्नाची फ्रेम द्यायची हाय, डिंक वाळू दे. मी सवाऱ्या घेऊन जऊळका स्टेशनाकडे गेलो. गाडी गेली, सवाऱ्या गेल्या, आणि मी रिकामी जीप वळवत असताना नाझियाचा फोन आला. “अब्बा गेले चाचा.” मी तिच्यावरच ओरडलो, की कुठं गेला, डिंक वाळायचा होता ना अजून? त्या रस्त्यावर मी एवढ्या शिव्या दिल्या की दोन्ही बाजूंचं सोयाबीन वेळेआधी पिवळं पडलं. कोणाला दिल्या म्हणाल तर त्यालाच. अजूनही देतो. ज्या माणसाला सहीचं एक टिंब पुसलं तर झोप यायची नाही, त्याला स्वतःच्या छातीकडे पाहायला एक सकाळ मिळू नये?

तिसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस घरी आला. शोकसभा घ्यायची आहे, फोटो द्या. फोटो नाहीच म्हटल्यावर तो घाबरला, कारण फोटोशिवाय शोकसभा आमच्याकडे होतच नाही. हार घालायचा कोणाला? मग तो म्हणाला, त्यांच्या संग्रहातले तरी द्या, एका दिवसापुरते. अन्वरभाईच्या बायको, आमच्या भाभी, इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने परक्यासमोर यायचं नाही त्यात, रडून डोळे सुजलेले, पडद्याआडून म्हणाल्या, घेऊन जा. त्यानं दुकानातल्या खणातले नेले. जिवंत तेवढेच नेले, कारण भिंतीवरचे काढायला उशीर झाला असता. दुसऱ्याच एका फ्रेमवाल्याकडून रातोरात स्वस्तातल्या फ्रेमा मारल्या, काच थेट शाईवर दाबून, आणि पश्चिमेच्या खिडक्यांसमोरच्या भिंतीवर लावल्या. अन्वरभाईचा फोटो नव्हता म्हणून त्याच्या वाटणीचे हार या सगळ्यांना वाटून टाकले. निवेदक प्रत्येकाच्या नावाआधी ‘दिवंगत’ म्हणत होता. एवढ्या माणसांना एका दमात मारायचं काम आजवर कुठल्या रॉकेटला जमलं नसेल, ते आमच्या निवेदकाला जमलं.

म्हणून मी ओरडलो. हाताला आले तेवढे हार तोडले. अध्यक्ष माइकवर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “भाऊंच्या भावना आपण समजू शकतो.” माणसाला शिवी द्यावी, पण त्याच्या भावना समजू नयेत... माझ्या अंगाची लाही झाली. हार निघाले. पण लगेच त्यांनी जाहीर केलं की हा ठेवा आता कारंज्याचा आहे, तो याच सभागृहात कायमचा राहील, अन्वरभाईंच्या नावानं दालन होईल. टाळ्या पडल्या. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन सरळ त्या भिंतीवर. मी मनात हिशोब केला, येता उन्हाळा गेला की काचेवर सह्या आणि मागे नुसते हसणारे कोरे चेहरे. आयुष्यभर जे त्यानं अंधारात जपलं, ते हे लोक त्याच्याच नावाची पाटी लावून उन्हात वाळत घालणार होते.

नाझिया दाराशी ओढणी घेऊन उभी होती. आता तिचं लग्न होऊन ती मंगरुळपीरला असते, दोन लेकरांची आई. मी तिला म्हटलं, तुह्या बापाचे हायत, तू बोल ना. ती म्हणाली, “घरी चला चाचा.” मला तिचाही राग आला. बापाचा गप्पपणा पोरीत उतरला, माझ्या आवाजातला थोडा उतरला असता तर बिघडलं असतं का?

पुढचे दिवस मी कामरगाव-कारंजा रस्त्यावर रोज मोर्चा काढला, जीपमध्येच. सवाऱ्यांना सगळं सांगायचो. पहिल्या दिवशीच्या सांगण्यात मी दोन हार तोडले होते. आठवड्याच्या शेवटी मी अध्यक्षांना त्यांच्याच माइकच्या वायरनं खांबाला बांधून ठेवलं होतं. सगळे म्हणायचे, “खरं हाय भाऊ, चुकलंच त्यायचं,” आणि आपापल्या फाट्यावर उतरून जायचे. एकजणही सोबत यायला तयार होईना. मग मी ठरवलं, एकट्यानं जायचं. संस्थेच्या फाटकात जीप आडवी लावायची, चाकांची हवा सोडायची आणि बोनेटवर बसून राहायचं, भिंत रिकामी होईपर्यंत.

जाण्याआधी नाझियाला सांगावं म्हणून दुकानापाशी थांबलो. शटर अर्धं वर होतं. ती खाली सतरंजीवर बसली होती, आणि मी आत शिरता शिरताच सुरू झालो, की आज मी पाहतो, आज एक तर ते फोटो येतील नाही तर मी येणार नाही, तू भाभीले सांगून ठेव, जमानत लागली तर... आणि थांबलो. सतरंजीवर सगळे होते. ती बाई, तो जपानी, तो वर चकरा मारणारा. फ्रेमा कोपऱ्यात रचलेल्या, काचा वेगळ्या काढलेल्या. ती एकेक फोटो उजेडाकडे तिरका धरून शाई पाहत होती, बटर पेपरमध्ये घालत होती आणि खणात ठेवत होती. बाप जसा अंगठा कडेला ठेवायचा, सहीला लागू द्यायचा नाही, तस्साच.

सकाळीच रिक्षा करून गेली होती म्हणे. भिंतीवरून उतरवले आणि घेऊन आली.

माझ्या अंगात आठ दिवसांचा राग भरलेला होता, तो आता ठेवायचा कुठं? मी विचारलं, शिपायानं अडवलं नाही का, अध्यक्ष होते का तिथं? होते म्हणाली. मग कायदा सांगितला असेल, दालनाची पाटी दाखवली असेल, आरडाओरडा केला असेल, तुला घालूनपाडून बोलले असतील, काय बोलले ते शब्दाला शब्द सांग, मी आत्ता जातो.

तिनं शेवटचा फोटो कागदात घातला, खण ढकलला.

“काही नाही म्हनले, चाचा. मी वर चढली तं स्टूल धरला त्यायनं.”