आधी काय लावलंय?

प्रसेनजीतला एका जागी बसता येत नसे. टपरीवर चहा आला की उभ्याउभ्या अर्धा घोट घेणार आणि एम-एटीला किक मारणार. उरलेला अर्धा मी प्यायचो. मी बेअरिंगा विकायचो. तो लोखंडाला गंज धरू नये म्हणून द्यायचा जस्ताचा लेप आणि क्रेनच्या वायररोपला, म्हणजे पोलादी दोराला, लावायचं ग्रीस विकायचा. उद्यमनगर, शिरोली, गडमुडशिंगी, सगळीकडं आम्ही बरोबरच हिंडायचो.

बाकीचे एजंट दारातच भाव सांगायचे. हा पठ्ठ्या आधी विचारायचा, "आधी काय लावलंय?" गिऱ्हाईक चक्रावून जायचं. शहाण्णव साली शिरोलीतल्या एका कारखान्यात याचं ग्रीस दुसऱ्याच कुणाच्या लेपावर बसलं आणि दुधावरची साय निघावी तसा लेप निघून आला. तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरला. दोन्ही माल चांगले असले तरी त्यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही, असं तो सांगत सुटायचा.

"तू ग्रीस विकतोस का लग्नं जमवतोस?" मी म्हणायचो. तो हसायचासुद्धा नाही.

उचगावच्या घरीही तीच तऱ्हा. ताट वाढलेलं आणि हा उंबऱ्यात येरझारा घालतोय. त्याची बायको निशा वैतागायची, "अवो, बसा की जरा!"

दोन हजार तीन साली त्याला एका साखर कारखान्याची ऑर्डर मिळाली, सगळ्या क्रेनच्या ग्रीसची. कंपनीनं बजावलं होतं, यंदा खप वाढला नाही तर एजन्सी दुसऱ्याला. क्रेनची सगळी देखभाल गणपतराव बघायचे. निवृत्तीआधीचा त्यांचा हा शेवटचा हंगाम. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला ते 'पावणं' म्हणायचे, यालाही.

"आधीच्या कंपनीचं जुनं ग्रीस पुसून काढलंय न्हवं, मामा?" यानं तीनदा जाऊन विचारलं.

तिसऱ्यांदा गणपतराव भडकले. "रॉकेलनं धुतलंय म्हटलं की, पावणं! किती येळा इचारशीला?"

चौथ्यांदा विचारणं म्हणजे म्हाताऱ्याला खोटं पाडणं. म्हणून तो गप्प बसला, पण चैन पडेना. गळीत हंगामाच्या मुहूर्तादिवशी सकाळीच माझ्या दारात हजर.

"चल."

"निमंत्रण हाय का?"

"न्हाय."

गव्हाणीपाशी, म्हणजे जिथं गाळपाचा ऊस पडतो तिथं, रांगोळी काढली होती. क्रेनला झेंडूचं तोरण, बाजूला बँड, मागं उसाच्या गाड्यांची रांग. लोक नटूनथटून उभे आणि हा मात्र क्रेनभोवती घिरट्या घालतोय. एकाएकी तो खाली वाकला. रांगोळीवर काळे थेंब पडले होते. त्यानं एक थेंब बोटावर घेतला, चोळला, वर वायररोपकडं पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"दोन ग्रीसं एकात एक झाल्यात. पातळ होऊन ब्रेकवर ओघळणार. मग ब्रेक धरणार न्हाय."

क्रेनखाली हमाल उभे होते. तरी मी त्याची बाही ओढली. "गप बस, एजन्सी जाईल." मित्र म्हणून मला तेच सुचलं. त्यानं बाही सोडवून घेतली.

"क्रेन थांबवा! खालची माणसं बाजूला घ्या!"

बँड थांबला. चीफ इंजिनिअर तणतणत आले. मुहूर्ताला क्रेन थांबवायची म्हणजे काय?

"साहेब, मोळी हातानंच टाकायची असती की. मुहूर्त चुकत न्हाय. पण क्रेन तपासल्याबिगर चालवायची न्हाय."

प्रमुख पाहुण्यांनी गव्हाणीत उसाची मोळी टाकली. मग माणसं मागं हटवून साहेबांनी क्रेननं उसाचा भारा पुरुषभर उंच उचलायला लावला. ब्रेक लावला. भारा क्षणभर थांबला, मग हळूहळू खाली घसरायला लागला आणि धाडदिशी आदळला.

"माल कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

प्रसेनजीतनं गणपतरावांकडं पाहिलं. म्हातारा टोपी हातात घेऊन चुरगळत होता. काय झालं असणार ते मलाही कळलं. एका वाक्यात याची सुटका होती. माझी जीभ शिवशिवत होती. आणि ज्याचे पाय आयुष्यात कधी ठरले नाहीत तो माणूस खांबासारखा उभा.

"माझा," तो म्हणाला.

असा राग आला मला! या माणसाला काय म्हणावं?

तेवढ्यात गणपतराव पुढं झाले. "माल त्येचा हाय. पर मिसळलं म्या. जुन्या ग्रीसचं निम्मं पिंप शिल्लक हुतं, टाकवंना. त्यो तीनदा इचारून गेल्ता. म्या लबाड बोललो."

साहेब त्यांच्याकडं न बघताच प्रसेनजीतला म्हणाले, "सगळं पुसून घ्या. तुमचंच नवीन भरा, आजच्या आज."

वायररोप जमिनीवर उतरवला. ब्रेकचं काम फिटरनी घेतलं आणि हे दोघं चिंध्या घेऊन रोप पुसायला लागले. प्रसेनजीत या टोकाकडून त्या टोकाला नुसता पळत होता. गणपतरावांनी शेजारी पोतं अंथरलं.

"पोरा, बस की जरा."

पावणं नाही, पोरा. प्रसेनजीत बसला. बसला आणि लहान मुलासारखा रडला. गणपतराव रोप पुसत राहिले. मी कँटीनमधून चहा आणून दिला. त्या दिवशी माझ्या वाट्याला काही उरलं नाही. त्यानं बसून अख्खा कप संपवला.