फुफाजींचा मानपान

आमच्या फुफाजींइतकी नात्यांची माहिती असलेला आणि नात्यांचं इतकं वाटोळं केलेला दुसरा माणूस अख्ख्या छत्तीसगडात सापडणार नाही. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मराठीत यांना आतोबा म्हणतात, पण आतोबा म्हटलं की आपण दारात बसून खोकणारे वाटतो अशी त्यांची तक्रार होती. रायपूरच्या हिंदीतल्या फूफाजीला मात्र जावयाचा रुबाब होता, म्हणून आम्ही घरची मराठी पोरंही त्यांना फुफाजीच म्हणायचो. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. फौजेत ते नेमकं काय करत होते, हे कधी सांगत नसत. माझ्या आईच्या मते घोड्यांना चंदी घालत असावेत.

नवा माणूस भेटला की फुफाजी आधी त्याचं आडनाव विचारणार, मग गाव, मग आजोळ, आणि चहा निवायच्या आत तो बिचारा त्यांचा कोणीतरी होऊन बसलेला असे. रायपूर राजधानी झालं, भोपाळहून साहेब लोक आले, तेव्हा तर त्यांना चेवच चढला. एका मराठी उपसचिवाला त्यांनी आपल्या मावशीच्या दिराचा साडू ठरवला आणि डबाभर अनारसे घेऊन त्याच्या बंगल्यावर गेले. साहेबांनी अनारसे ठेवून घेतले आणि पुन्हा भेट दिली नाही. नातं जुळवण्यात फुफाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. पण जुळलं रे जुळलं की लगेच त्यांना त्यात मान हवा असे. पंगतीत पाट कुठे मांडला, गंध आधी कोणाला लावलं, पत्रिकेत नाव कितव्या ओळीत आलं, यावर त्यांचं बारीक लक्ष. जेवणाकडे तेवढं लक्ष दिलं असतं तर प्रकृती तरी सुधारली असती.

माझ्या भावाच्या मुंजीत बाबांनी आहेराचं उपरणं चुकून धाकट्या जावयाच्या, म्हणजे चुलत आत्याच्या यजमानांच्या, खांद्यावर आधी टाकलं. फुफाजी भरल्या ताटावरून उठले. "थोरला जावई जिता हाय ना अजून? मग हे काहून?" असं गरजले आणि आत्याला म्हणाले, "चाल. या घराची पायरी तुले आता बंद." आत्या एकच सख्खी बहीण, बाबा एकच सख्खा भाऊ. बाबांनी तेव्हा हात जोडले असते तर भागलं असतं, पण हट्टात तेही काही कमी नव्हते. एका उपरण्यापायी एकाच शहरात राहून आत्याचं माहेर तुटलं. मला त्या माणसाचा राग यायचा, अजूनही येतो.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. साहेब लोकांना सोयीचं पडावं म्हणून फुफाजींनी हॉल घेतला शहरापासून दूर, मंत्रालयाजवळ, नवा रायपूरमध्ये. साहेब आले नाहीत, आणि बाकीच्यांना बस मिळाली नाही. त्या रुंद रस्त्यांवर शालू नेसलेल्या बायका पिशव्या घेऊन उन्हात चालत होत्या. बाबांना बोलावायला त्यांनी स्वतः अक्षत घेऊन यायला हवं होतं; त्यांनी पत्रिका कुरिअरने धाडली. "अक्षत नाही, तर मी नाही," म्हणून बाबा घरी बसले. आई आणि मी गेलो. अंतरपाट धरायची वेळ आली आणि गुरुजींनी विचारलं, "मुलीचे मामा कुठे आहेत?" मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. फुफाजी छताकडे बघू लागले.

आत्या तोवर कधी चारचौघांत बोलली नव्हती. ती म्हणाली, "माझ्या भोजलीचा भाऊ आला आहे. तो आणील." छत्तीसगडात राखीनंतर भोजलीचे, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाचे, कोंब एकमेकींच्या कानावर खोवून बायका जन्माची मैत्री बांधतात. मग एकमेकींचं नावही घेत नाहीत, भोजलीच म्हणतात. आत्याची अशी एक शेजारीण होती, आणि तिच्या भावाचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान होतं.

"रक्ताचा ना नात्याचा!" फुफाजी ओरडले. "उद्या मराठी मंडळात काय तोंड दाखवू मी?"

"तुमच्या तोंडापायी मुहूर्त जाऊन राहिला," आत्या म्हणाली.

तो माणूस कोपऱ्यातून उठून आला. मुलगी मामाच्या पाया पडायला वाकली, आणि त्याच क्षणी मामा तिच्या पाया पडायला वाकला. दोघांची डोकी ठाणकन आपटली. मुंडावळ्या तुटल्या, बायकांनी पदर तोंडाला लावले. आपल्याकडे थोरांनी लहानाच्या पाया पडणं म्हणजे लहानाला पाप लावणं. तो कपाळ चोळत म्हणाला, "हमर इहां ममा ह भांची के पांव परथे." भाचीच्या पायावर त्याने डोकं टेकवलंच. कोणी कोणापुढे वाकायचं याचा जन्मभर हिशोब केलेले फुफाजी आ वासून बघत राहिले. पंगतीत त्याचा पाट कुठे मांडावा हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही; पण वाढायला जिलबीचं ताट घेऊन स्वतः गेले.

तेव्हापासून दर तीजाला, म्हणजे आपल्या हरितालिकेला, तो भाऊ स्कूटर घेऊन आत्याला आपल्या घरी, माहेरी म्हणून, न्यायला येतो. इकडच्या भावांची ती रीत आहे. यंदा आत्या अशी गेलेली असताना मी फुफाजींचा डबा घेऊन गेले. ते आता फार थकलेत. सात पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस, मला दोनदा नाव विचारलं. जेवून हात धुतले. मग म्हणाले, "तुह्या बापाले म्हणा, तीजाले त्यानंही येऊन जावं. दोघं भाऊ आले न्यायले, तर बिघडते काय? नाहीतर मीच येतो, अक्षत घेऊन."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. फुफाजी तेव्हा खांदा द्यायला आले होते.

"हव फुफाजी," मी म्हटलं, "सांगते."