आमच्या क्लबच्या जाळ्या

मोठ्या क्लबची कीर्ती पराक्रमावर उभी असते. मस्तगडच्या आमच्या फुटबॉल क्लबची कीर्ती गोलाच्या दोन जाळ्यांवर उभी होती. आसपास पूर्ण मापाच्या जाळ्या फक्त आमच्या प्रशिक्षकांकडे, म्हणजे सरांकडे. कुठेही स्पर्धा ठरली की आयोजक त्यांना फोन करत. जाळ्यांबरोबर आमच्या संघाला प्रवेश मिळे आणि सरांना व्यासपीठावर खुर्ची. क्लबने शेवटचा करंडक जिंकला तेव्हा मी बचावफळीत होतो. आता मला जिना चढताना धाप लागते.

यंदा परतूरच्या स्पर्धेसाठी तिथल्या आयोजकांनी स्वतःच्याच जाळ्या मागवल्या. स्पर्धा दोन दिवसांवर आली तरी सरांना फोन नाही, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. सर अंगणात जाळी पसरून चांगल्या गाठी सोडत होते आणि पुन्हा मारत होते.

"फोन येत न्हाई म्हणून त्या जाळीचा जीव काऊन घेऊन राह्यले?" काकू दारातून म्हणाल्या.

"दुरुस्ती करून राह्यलो."

"फाटली न्हाई ती."

"म्हणूनच फाटत न्हाई."

मी म्हणालो, "सर, एक वर्ष आराम करा."

"आराम केला तं पुढच्या वर्षी कोण वळखंल?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. टीव्हीवरचे नामांकित प्रशिक्षक सामना हरले तरी कोट सारखा करून माइकसमोर बसतात, आणि जग ऐकतं. सरांकडे माइक नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. सरांनी तो तीनदा वाजू दिला आणि काकूंना ऐकू जाईल असा स्पीकर लावला. परतूरच्या शाळेतले क्रीडाशिक्षक होते, सरांचेच जुने खेळाडू.

"सर, आमच्या जाळ्या हँडबॉलच्या निघाल्या. अर्धा गोल उघडाच राहून राह्यला."

"मंग?"

"मंग काय सर, तुमच्याबिगर स्पर्धा होते का?"

"पाहतो."

"जल्दी सांगा, सर."

"पाहतो म्हणलं ना."

फोन ठेवेपर्यंत जाळीची घडी घालून झाली होती. काकू इस्त्रीचा शर्ट काढायला आत गेल्या होत्या.

परतूरला नारळ सरांच्याच हातून फुटला. शिस्तीवर ते बरंच बोलले, लोकांनीही मान राखून ऐकलं. मग पहिल्याच सामन्यात यजमानांनी आमच्यावर पाच गोल केले. सर खुर्चीतून हलले नाहीत. प्रत्येक गोलाला त्यांची नजर चेंडूवरून जाळीच्या कोपऱ्याकडे जाई.

परतीच्या वाटेवर जाळ्या मांडीवर घेऊन ते माझ्या गाडीत बसले होते. मी धीराचं काही बोलणार होतो. तेच आधी बोलले, "एक बी चेंडू आरपार गेला न्हाई."

ते खरं होतं. पाचही आतच अडकले होते.