खच्ची आहे, दोन्ही चढवा

मी एकदा वाकून, घोड्याच्या पोटाखाली जेमतेम तीन सेकंद बघून निकाल दिला होता. निकाल चुकला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आर्मी सर्व्हिस कोअरची कॅप्टन, आणि घोड्या-खेचरांचा दोन आठवड्यांचा कोर्स करून नुकतीच परतले होते. दोन आठवड्यांत माणूस जेवढा शहाणा होतो, त्याहून मी बरीच जास्त झाले होते. माझी नात विचारते, "आजी, तुला आर्मीत कुणी ओरडायचं का गं?" त्या दिवशी ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं नाही.

ऑगस्ट महिना. रत्नागिरी जिल्ह्यात चार दिवस पाऊस थांबला नव्हता. खाडीकाठच्या एका गावात पाणी शिरलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं मला अजून ओळखतात. इंजिनिअर्सची तुकडी बोटी घेऊन आली. मला त्यांच्याबरोबर जोडलं ते रेशनसाठी, आणि मी मूळची मालगुंडची म्हणून. आमचे कमांडिंग ऑफिसर म्हणाले, "यू नो द पीपल." मी "येस सर" म्हटलं. त्या गावात मी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं.

मुक्काम शाळेत. पाच वाजता उठायचं, साडेपाचला चहा, सहाला बोटी पाण्यात. बोट टूचे कमांडर हवालदार कदम, साताऱ्याकडचे, वीस वर्षं नोकरी झालेली. इंजिन स्वतः चालवायचे. बोलायचे कमी.

तिसऱ्या दिवशी नऊ चाळीसला वायरलेसवर निरोप आला. खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर एक छोटी सर्कस अडकली होती. सात माणसं. उधाणाची भरती बारा दहाला होती, पण बांध अकराच्या पुढे टिकणार नव्हता.

पहिल्या फेरीत चार माणसं आणली. दुसऱ्या फेरीला तिघं उरली होती. सर्कसची मालकीण हिराबाई, मिरजेकडची, पन्नाशीची. तिची सून. आणि सुनेच्या कडेवर पाच महिन्यांची पोर. शिवाय दोन बुटके घोडे. बुटके म्हणजे पाठ माझ्या कमरेलाही पोचत नव्हती. पांढरी घोडी बिजली. ती घंटा वाजवायची, फळीवर चढायची, बग्गी ओढायची. माणसं तिकीट काढायची ती तिच्यासाठी. दुसरा नवाब, दीड वर्षाचं शिंगरू. त्याला अजून काही म्हणजे काही येत नव्हतं.

"मॅडम, जनावरं नकोत," कदम म्हणाले.

हिराबाई बांधावर मांडी घालून बसली. "मग मी बी नको."

वायरलेस खरखरला. "बोट टू, कंट्रोल. करंट वाढतोय. ही शेवटची फेरी. इलेव्हन हंड्रेडला परत. ओव्हर."

"कंट्रोल, बोट टू. रॉजर. आउट."

वेळ दहा अठ्ठावीस.

"एक घेऊ मॅडम," कदम म्हणाले. "बारकंच आहे."

"घोडीला घ्या," हिराबाई म्हणाली. "नवाबला आमच्या सर्कशीच्या ट्रकवर चढवून ठेवते. जगला तर जगला. दोघं एका बोटीत नकोत, बाई. ही माजावर हाय."

"त्याला खच्ची नाही केलं?"

"अर्धं केलंय. एक अंड खाली आलं होतं, ते काढलं. दुसरं वरच ऱ्हायलंय. आमच्या मालकांना, नवऱ्याला, खेळाची घाई, थांबले न्हाईत."

मी वाकले. तीन सेकंद. पिशवी रिकामी, व्रण जुना. कोर्समध्ये खच्ची घोडा हुबेहूब असाच दिसला होता.

"तिथं काही नाहीये," मी म्हणाले. "खच्ची आहे. दोन्ही चढवा."

"ओ बाई, दिसत न्हाई म्हंजे नसतंय असं न्हाई."

"मी कोर्स केलाय, मावशी."

हे वाक्य मी खरंच बोलले. वर मावशीही म्हटलं. कदमांनी माझ्याकडे बघितलं नाही. घोडे चढवले.

त्या कॅप्टनबाईंना जे ठाऊक नव्हतं, ते मला आता पाठ आहे. वर राहिलेल्या अंडापासून पिल्लू होईलच असं नाही, पण घोड्याचं डोकं फिरवायचं काम ते चोख करतं. बुटक्या जातीत ते उशिरा उतरतं. कधी दोन वर्षं लागतात, कधी तीन. तोवर थांबायचं, आणि नाहीच उतरलं तर ऑपरेशन करून दोन्ही एकदमच काढायची. हल्ली किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले असले घोडे पाळतात आणि मला विचारायला येतात, "आजी, जे खाली आलंय ते तरी काढून टाकूया. सीझन तोंडावर आलाय." मी सांगते, बाबा, दोन्ही नाहीतर एकही नाही. आणि डॉक्टरला नीट हात लावून चाचपू दे. नुसतं वाकून बघणारे बरेच असतात.

दहा पस्तीसला निघालो. घोडी पुढे, नवाब मागे, मध्ये सून आणि पोर. घोड्यांचे दोर बोटीच्या कड्यांना बांधलेले. पहिले दोनशे मीटर ठीक गेले. मी कदमांना म्हणालेसुद्धा, "बघा, काही होत नाही."

मग वारा समोरून सुटला. घोडीवरून थेट नवाबकडे. माजावरच्या घोडीचा वास लागला की नर करतो, तसा नवाबनं मान वर करून ओठ उलटा केला.

"धरा त्याला!" हिराबाई ओरडली.

मी धरलं. म्हणजे मी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यानं मला फरपटत नेलं. दोराची गाठ सुटली. गाठ मीच मारली होती. तो सुनेच्या खांद्यावरून पुढे झेपावला आणि घोडीवर चढला. घोडी उजवीकडे दबली. बोट उजवीकडे कलली. पोर सुनेच्या हातून निसटून बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात घसरली. कदमांनी डाव्या हातानं तिला उचललं. समोर विजेचा खांब आला, तेव्हा त्यांच्याजवळ उजवा हात तेवढा मोकळा होता. तो त्यांनी मध्ये घातला.

बोट खांबावर आपटली. घोडी पाण्यात गेली. तिचा दोर ताणला गेला आणि बोटीची कड पाण्याला टेकली. पाणी आत येऊ लागलं.

"मॅडम, दोर कापा," कदम म्हणाले. आवाज चढवला नाही.

माझ्या पट्ट्याला चाकू होता. माझे दोन्ही हात नवाबच्या गळ्यात होते. सोडता आले असते. सुचलं नाही.

हिराबाईनं कमरेचा विळा काढला आणि एका फटक्यात दोर कापला. बोट सरळ झाली. बिजली दोनदा वर आली. पांढरी होती, लांबपर्यंत दिसली.

"कंट्रोल, बोट टू. सिव्हिलियन तीन, सेफ. वन हँड इंजुरी. ओव्हर."

"बोट टू, एनी लॉस? ओव्हर."

"निगेटिव्ह. आउट."

हे उत्तर मी दिलं. रात्रीच्या रिपोर्टमध्येही 'जीवितहानी: निरंक' असंच लिहिलं. घोडीसाठी रकाना नव्हता.

नवाब तीन वर्षांचा झाल्यावर त्याचं ऑपरेशन झालं. दुसरं तोवरही उतरलं नव्हतं, जांघेत अडकलं होतं, सुपारीएवढं. मी रजा काढून डॉक्टरांच्या शेजारी उभी होते. डॉक्टरांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. कदमांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांनी ते पुढे नऊ वर्षं सॅल्यूट करत होते, मलासुद्धा. मागच्या वर्षी ते वारले. त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला त्यांनी "खांबावर हात आपटला" एवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी सांगितलं.

त्या दुपारी एकच्या सुमाराला मी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, रेशनच्या पोत्यांआड बसले होते. युनिफॉर्ममध्ये रडायचं नसतं, म्हणून तोंडावर टोपी धरली होती. हिराबाई आली. हातात विळा तसाच. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"रडू नका, बाई. सांजच्याला मी सवयीनं दोघांचं हरभरं भिजत घालीन, तवा काय रडायचं ते मी रडीन. तुम्ही आधी जावा, तुमच्या माणसाचा हात बघा."