मामींचा नुसता हात दिसतो!

चार पिक्चरवेडी माणसं दहा-बारा वर्षं एकाच व्हिडिओ लायब्ररीत बसली, की किस्से आपोआप जमतात. आमचे मात्र सगळे भांडणाचेच जमले. आणि भांडण कशावरून? तर जुना पिक्चर टीव्हीवर किती रुंद दिसावा यावरून! लोकांना हसू येतं. येऊ द्या. ज्याच्या घरातलं माणूस कापलं गेलंय, त्याला विचारा.

आमच्यात ते गणपतमामांच्या घरातलं होतं. मामा म्हणजे कोल्हापुरातल्या एका टॉकीजचे रिटायर्ड ऑपरेटर. तीस वर्षं प्रोजेक्टर चालवलेला माणूस. त्यांच्या बायकोचं, म्हणजे हिरामामींचं माहेर राधानगरीकडचं. लग्नाआधी त्यांच्या गावात एका रंगीत हिंदी पिक्चरचं शूटिंग आलं होतं. हिरो ओढ्याकाठी दगडावर बसतो आणि गावातली एक मुलगी घागरीनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतते. ती मुलगी म्हणजे आमच्या मामी!

पण पिक्चर पडला सिनेमास्कोप. चित्र लांबच लांब, आणि टीव्ही चौकोनी. मग व्हिडिओ कंपनीनं काय करावं? दोन्ही बाजू कापल्या! हिरो शाबूत, आणि उजव्या कडेच्या मामींचा फक्त हिरव्या बांगड्यांचा हात उरला.

मामांची बहीण शांताक्का शेजारच्याच गल्लीत राहायची. ती हळदीकुंकवाला चारचौघींत म्हणायची, "आमची वहिनी हिरोईन हाय बरं का! तोंड न्हाय, नुसता हात हाय. हात काय, कुणाचाबी असंल की!"

मामी तिथं हसायच्या आणि घरी येऊन जेवायच्या नाहीत. मामा चिडायचे, "रिळात ती हाय! तुटलेलं रीळ जोडताना मी ह्या डोळ्यांनी बघितलंय!" पण रीळ आता कुठून आणणार? एका बाईला वीस वर्षं खोटारडी ठरवलं होतं, आणि ते खोडायला पूर्ण रुंदीची कॅसेट हवी होती. एवढंच आमचं मागणं!

*

लायब्ररी जयवंतची, शाहूपुरीत. त्यानं एकदा कुठून तरी एका इंग्लिश पिक्चरची पूर्ण रुंदीची कॅसेट मिळवली. पूर्ण रुंदी म्हणजे टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. वारणानगरचा एक गिऱ्हाईक ती घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ती काउंटरवर आपटली.

"पावणं, वर काळं, खाली काळं. फटीतनं बघायचं व्हय पिच्चर?"

मामा उसळले, "अहो, त्या काळ्यामुळंच सगळं दिसतंय! कडंची माणसं बघा की जरा!"

"कडंची माणसं आमच्या कॉलनीत रग्गड हाईत! मी हिरो बघाय नेलता!"

जयवंतनं त्याला बाजू कापलेली कॅसेट दिली. मामा दोन दिवस लायब्ररीत फिरकले नाहीत.

*

कॅसेटवाले कमी होते म्हणून की काय, केबलवालाही त्याच वाटेनं गेला. त्याच्याकडे एकदा चुकून पट्ट्यांसकट पिक्चर लागला. लगेच गल्लीतून फोन, टीव्ही बिघडलाय म्हणून. त्या पठ्ठ्यानं चित्र फुगवलं आणि पट्ट्या घालवल्या. समोर चाललेला सीन कसला? हिरो डाव्या टोकाला, हिरोईन उजव्या टोकाला, मध्ये एक झाड. दोघं एकमेकांच्या आणाभाका घेतायत आणि आम्हाला दिसतंय नुसतं झाड! पाच मिनिटं झाड!

मामा चप्पल घालून थेट केबलवाल्याच्या ऑफिसात. "अरं, माणसं कुठं गेली?"

केबलवाला शांतपणे म्हणाला, "आवाज येतोय न्हवं?"

*

नव्वदीच्या शेवटी व्हीसीडी आली. आता तरी मामी दिसतील म्हणून आम्ही आशेनं मामींचा पिक्चर मागवला. पुन्हा तेच. हात आणि घागर! या वेळी तर घागरसुद्धा अर्धी होती.

मामा मला घेऊन एसटीडी बूथमध्ये गेले. व्हीसीडीच्या पाकिटावर मुंबईचा नंबर होता. पलीकडे कुणीतरी तरुण आवाज.

"तुमच्या व्हीसीडीत एक बाई न्हाई," मामा म्हणाले.

"कुठली बाई?"

"पाणी घालनारी."

"काका, इम्पॉर्टंट सगळे आहेत त्यात."

मामांचा चेहरा लाल झाला. "इम्पॉर्टंट कोन हे तू ठरवणार? तू? तुझ्या आईला असं अर्धं कापून भिंतीवर लावशील का रं?"

फोन कट झाला. खरं सांगतो, मलाही संताप आला होता. कुणी एक पोरगा एसीत बसून ठरवणार, पिक्चरमधलं कोण ठेवायचं आणि कोण नाही! बूथवाला मात्र म्हणाला, "काका, बरोबर बोललासा," आणि आम्हाला चहा पाजला.

*

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर. लाकडाचे साचे करायचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे चालत नाही. आमच्या मालकांनी पुढे भला मोठा फ्लॅट टीव्ही घेतला, लांबुळका. कौतुकानं मला आणि मामांना बोलावलं आणि एक जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी पिक्चर लावला.

आता झालं उलटं! जुना पिक्चर चौकोनी आणि टीव्ही लांब. मालकांनी तो ताणून बसवलेला. पिक्चर संतांचा. काटकुळे संत होते, ते दुधाचा रतीब लावल्यासारखे गुबगुबीत झालेले. मामा नुसते खुर्चीत चुळबुळ करत होते.

तेवढ्यात बैलगाडी आली. मला राहवेना. खिशातली स्टीलची पट्टी काढली, मालकांना पिक्चर थांबवायला लावला आणि गाडीचं चाक मोजलं. आडवं अठ्ठावीस सेंटिमीटर, उभं एकवीस!

"साहेब, हे चाक गोल न्हाई."

मालक म्हणाले, "अरे, एवढा टीव्ही घेतलाय, भरून दिसायला नको का?"

"मी असलं चाक करून आणलं, तर तुम्ही घ्याल?"

 मालक हळूच म्हणाले, "रिजेक्ट." आणि रिमोट शोधायला लागले.

*

शेवटी जयवंतला मामींच्या पिक्चरची डीव्हीडी मिळाली. पाकिटावर छापलं होतं, मूळ रुंदीत. मामांनी त्या रविवारी दुपारी घरी सगळ्यांना बोलावलं. शांताक्काला तर मुद्दाम, सगळ्यात पुढची खुर्ची.

पिक्चर सुरू झाला तर सगळी माणसं बांबूसारखी उंच! सुरुवातीलाच कुस्तीचा सीन होता. शांताक्का म्हणाली, "ह्यो पैलवान? ह्येला कुणी खायला घालतंय का न्हाय?" जयवंतनं घाईघाईनं प्लेअरची सेटिंग बदलली. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, पैलवान अंगानं भरला आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

ओढा आला. दगडावर हिरो. हिरव्या बांगड्यांचा हात आला, घागर आली, आणि हाताच्या मागे अख्खी मुलगी. सतरा-अठरा वर्षांची, डोक्यावरचा पदर घसरलेला, हसू दाबताना गालाला खळी पडलेली. तीच खळी घेऊन मामी दाराशी उभ्या होत्या.

जयवंतनं चित्र थांबवलं. शांताक्का उठून टीव्हीजवळ गेली, बघितलं, मागे वळून मामींकडे बघितलं. "वहिनी, चुकलं माझं," म्हणाली आणि मामींचे दोन्ही हात धरले. माझे डोळे भरून आले, लाजायचं काय त्यात!

मामी मात्र टीव्हीकडेच बघत होत्या. मग मामांना म्हणाल्या, "एक विचारू? पिच्चर लागला तवा गावातनं आम्ही चौदा बायका एसटीनं तुमच्या टॉकीजला आलतो. तिथंबी माझा हातच दिसला. बायका हसल्या मला. तिथं तर व्हिडिओ कंपनी न्हवती!"

मामांनी जयवंतकडचा रिमोट घेऊन मांडीवर ठेवला. 

"आमचा पडदा जुना, चौकोनी हुता," मामा म्हणाले. "स्कोपचं चित्र दोन्हीकडनं भिंतीवर जायचं. भिंतीवर डोकी दिसली, की पब्लिक शिट्ट्या मारायचं. टॉकीजचा मालक काय नवा पडदा घेईना."

"मग?"

"मग प्रोजेक्टरला पत्र्याची चौकट लावून दोन्ही कडा कापल्या."

"कुणी?"

"मीच. कानशीनं घासून केलती. लई झ्याक बसलीती."

मामी आत आल्या. मामांच्या मांडीवरचा रिमोट उचलला, पदरानं पुसला आणि समोर बसल्या.

"ह्यो आता माझ्याकडं ऱ्हाऊ दे."