घरात असं कोण बोलतं?

"स्वल्प थांब," असं म्हणत अक्का तळहात वर करायच्या, आणि संवाद वाचणारा तोंड उघडं ठेवून थांबायचा. "घरात असं कोण बोलतं?"

बंगळूरला, एचएसआर लेआउटमधल्या आमच्या फिल्मच्या वर्गात शनिवार-रविवारी येणारे आम्ही बहुतेक पंचविशीतले, आयटीतले. अक्का साठीच्या पुढच्या. शिवाजीनगरात त्यांच्या घराण्याचं पिढ्यान् पिढ्यांचं कापडाचं दुकान. बोलणं मराठीच, पण मधेच 'स्वल्प', म्हणजे जरा, असं कन्नड डोकावणारं. पहिल्या दिवशी कुणाची तरी आई समजून मी त्यांना बाहेर खुर्ची दिली. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग आत येऊन पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

शेवटी प्रत्येकानं एका लघुपटाची पटकथा लिहून परीक्षकांपुढे मांडायची होती. एकाच कथेला संस्थेचा कॅमेरा मिळणार होता. अक्कांची कथा दोन म्हाताऱ्या बहिणींची. घराची वाटणी झालेली, मधे भिंत, बोलणं बंद. ही अक्कांची स्वतःचीच गोष्ट, ते आम्हाला लगेच कळलं. तुम्हालाही कळलं असतं.

पण संवाद जमेनात. वाचायला घेतलं की दोन ओळींत अक्का स्वतःलाच थांबवायच्या. "धाकटी माझ्यासारखीच बोलायला लागलीय रे. ती कशी बोलते तेच विसरले मी."

"मग जाऊन ऐका की," मी सहज बोलून गेलो.

पुढच्या शनिवारी अक्का आल्याच नाहीत. मला आपली जीभ चावावीशी वाटली.

रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी हजर. "गेले होते. दार उघडून म्हणते कशी, 'चपला बाहेर काढ, आत्ताच पुसलंय.' एवढ्या वर्षांनी, बघ!" हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले. ते वाक्य जसंच्या तसं पटकथेत गेलं.

परीक्षकांपुढे त्यांनी कागद न बघता गोष्ट सांगितली. चपलांच्या वाक्याला सगळे हसले.

"छान आहे," एक परीक्षक म्हणाले. "फक्त बहिणी तरुण करा. बघणारे तरुण असतात."

अक्कांनी खरंच विचार केला. "तरुण बहिणी आज नाही तर उद्या बोलतील, सर. त्यांना कसली घाई? या दोघींना आहे. ती काढली तर राहिलं काय?"

कॅमेरा दुसऱ्याला मिळाला. मी जिन्यात धुमसत उभा होतो. "सरी, ठीक आहे, जाऊ दे," माझ्या पाठीवर हात ठेवून अक्काच म्हणाल्या. "चल, कॉफी पिऊ."

वर्ग संपल्यावर फोन केला की त्या बहुधा भिंतीपलीकडेच असायच्या. मागून धाकटीचा आवाज यायचा, "कोण गं?" मग दोघींनी शिवाजीनगरातलं घर विकलं आणि धाकटीच्या मुलीकडे हुबळीला जायचं ठरवलं. तिकडे आता मला जायचं काही कारण उरलेलं नाही.

त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. खिडकीजवळ कोण बसणार यावरून दोघींची चांगलीच जुंपली होती. गाडी हलली तरी थांबेनात. मी फलाटावरून हात हलवत राहिलो. दोघींपैकी एकीनंही बाहेर पाहिलं नाही.