अडीच मिनिटांसाठी साडेनऊशे मैल

टकर्स बेंडमध्ये ट्वायला हार्गिसला नावाने ओळखणारे थोडे. बहुतेकांच्या लेखी ती ‘सहा नंबरची बस’. एकोणीस वर्षं ती शाळेची पिवळी बस चालवत होती. भातखाचरांमधल्या त्या सरळसोट रस्त्यांवर खड्डा कुठे आहे आणि कुठल्या घरचं पोरगं मोजे शोधत उशीर करतं, हे तिला पाठ होतं. नवरा डेल तांदळाच्या गिरणीत, भात वाळवायच्या यंत्रावर. दोघांच्या पगारात घर बरं चाललं होतं. म्हणजे त्यांची मुलगी केंडल सहा वर्षांची होईपर्यंत.

केंडल घरात सरळ चालायचीच नाही. सोफ्यावरून कोलांटी, अंगणात चक्री, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना बाकावर उलटी. “हिला कुठेतरी घाल बाई, नाहीतर एक दिवस छताला लटकलेली सापडेल,” असं डेलच म्हणाला. गावाबाहेर ट्रॅक्टरच्या जुन्या शोरूममध्ये मिस ट्रिनाची जिम होती. महिन्याला साठ डॉलर. ट्वायलाने हसत भरले.

तीन वर्षांनी मिस ट्रिनाने तिला बाजूला घेतलं. “पोरगी हलकी आहे, घाबरत नाही, आणि वर गेली की हसते. ते हसणं शिकवता येत नाही, ट्वायला. मला ती सगळ्यात वरच्या थराला हवी. स्पर्धेच्या टीममध्ये.”

ही चिअरलीडिंग फुटबॉलच्या मैदानाकडेला उभं राहून दुसऱ्यांसाठी ओरडण्याची नव्हे. हिच्यात मुलीच खेळाडू. अठरा मुली, एक निळी गादी, कोलांट्या, उड्या, थरावर थर, आणि अडीच मिनिटांत सगळं आटोपलं. त्या अडीच मिनिटांची तयारी वर्षभर.

महिन्याचे साठ होते ते एकशे पंचेचाळीस होणार, हे ट्वायलाला आधी सांगितलं होतं. गणवेश चारशेचा, हेही सांगितलं होतं, पण तिला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. बूट वेगळे. केसांत बांधायची ती भलीमोठी फीत वेगळी. गाणं जुळवणाऱ्याचे वेगळे, नाच बसवायला डॅलसहून येणाऱ्या माणसाचे वेगळे. आणि स्पर्धेच्या गावी कोच जिथे उतरणार, त्या खोलीतही आपला वाटा.

डेलने गणवेश हातात उलटापालटा करून पाहिला. “चारशे? यात कापड तरी आहे का? माझ्या खिशातल्या रुमालाला याहून जास्त लागलंय.”

“खडे आहेत त्यावर.”

“खरे?”

“गप जेव.”

त्याच हिवाळ्यात ट्वायलाची दाढ ठणकायला लागली. वर कॅप बसवायची तर अकराशे, उपटायची तर पावणेदोनशे. आठवड्यावर मेम्फिसची स्पर्धा आली होती. तिने दाढ उपटून घेतली आणि घरी सांगितलं, हलतच होती. शनिवार-रविवारी शाळेच्या बास्केटबॉल टीमला बाहेरगावी नेण्याचं जादा काम घेतलं. बँकेसमोर टेबल मांडून मांस भरलेले पाव विकले. आपल्याच बसमधल्या पोरांच्या आईबापांच्या गळ्यात बिस्किटांच्या गोठवलेल्या पिठाचे डबे मारले, आणि ते काम मात्र तिला मनापासून नकोसं व्हायचं.

पण केंडल वर गेली की तिला यातलं काही आठवत नसे. चार हातांवर एका पायाने उभी, दुसरा पाय कानाशी, आणि तोंडभर हसू. ट्वायलाने उभ्या आयुष्यात कुठल्या उंच जागेवर उभं राहून कुणाकडे पाहिलं नव्हतं. ती खुर्चीत बसूनच टाचा उचलायची, जणू तिच्या टाचा उचलल्याने वरची पोरगी सावरणार होती.

चौथ्या वर्षी लिटल रॉकला टीम पहिली आली आणि फ्लोरिडातल्या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं मिळालं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आया रडल्या. ट्वायलाही रडली. डेलने तिच्या कानाशी तोंड नेलं. “बोलावणं कुठलं? ते खर्च देणारे, का आपण?”

बोलावणी दोन तऱ्हेची असत. त्यांचं दुसऱ्या तऱ्हेचं होतं, ज्यात फक्त मान मिळतो.

मंगळवारी मिस ट्रिनाने पालकांना गादीवर गोल बसवलं. विमान, तीन रात्रींचं हॉटेल, प्रवेश फी धरून मुलीमागे सतराशे. बरोबर येणाऱ्याचे निराळे. तीन आठवड्यांत भरायचे. “हॉटेल त्यांनी नेमून दिलंय तेच घ्यावं लागेल,” ती म्हणाली. “दुसरीकडे उतरलं तर टीमला बाद करतात. मला विचारू नका का. मीही विचारलं होतं.”

एका बापाने उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

बाहेर गाडीपाशी ब्रुक ॲन व्हिटफील्ड ट्वायलाच्या मागोमाग आली. व्हिटफील्डांची तीन हजार एकर भातशेती. त्यांची पेज टीममध्ये खालच्या थराला होती, केंडलचा डावा पाय तिच्याच हातात असायचा.

“अगं, ऐक ना. केंडल नाही आली तर मनोराच उभा राहायचा नाही. तिचे आम्ही भरतो. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल ना,” ट्वायला म्हणाली.

“उगाच मानापमान काढू नकोस.”

“काढत नाहीये गं. मनापासून बोललीस ते कळतंय मला. पण उद्या माझ्या पोरीचा पाय घसरला तर मला आधी तुझं तोंड आठवेल. तसं नको.”

ब्रुक ॲनला ते लागलं. ती वळून आपल्या गाडीत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबरच्या फेरीवर असताना बॅप्टिस्ट चर्चच्या मागे तिला चर्चची बस दिसली. पांढरी, एकवीस वर्षांची, एका बाजूला गंजलेली. शाळेवर मुलं उतरवून ती तडक पास्टर ओटिसकडे गेली.

“बस हवी होती. फ्लोरिडाला.”

पास्टर चष्म्यावरून पाहत राहिले. “ट्वायला, ही बस मागच्या वेळी वृद्धांच्या सहलीला इथल्या इथे पॅरागोल्डपर्यंत जाऊन आली, तर दोघांनी परत यायला नातेवाइकांच्या गाड्या मागवल्या.”

“इंजिनचा पट्टा बदलून घेते. टायर माझा दीर बघेल. चालवणारी मी. डिझेल आम्ही वाटून घेऊ.”

“एवढं लांब एकटी?”

“एका दिवसात दहा तासांवर मी स्टिअरिंग धरणार नाही, कायदाच आहे तसा. मध्ये डोथानला एक रात्र. तुमचे भाऊ तिथल्या चर्चमध्ये आहेत ना? सभागृहाची जमीन चालेल आम्हाला.”

पास्टर हसले. “म्हणजे बस नव्हे, दोन चर्च मागायला आलीस तू.”

मिस ट्रिनाने आधी नकारघंटा वाजवली. विमा, जबाबदारी, मुली थकतील. ट्वायला नियमांचा कागद घेऊनच गेली होती. “हॉटेल त्यांचंच घेऊ, एका खोलीत चौघीजणी. पण विमानानेच या, असं यात कुठे लिहिलंय दाखवा. आणि तुमच्यापेक्षा जास्त पोरं मी रोज सकाळी नेते, मिस ट्रिना. एकही हरवलेलं नाही.”

खर्च जवळजवळ अर्ध्यावर आला. अकरा मुली बसने निघणार होत्या. उरलेल्या विमानाने जाणार होत्या, पण आदल्या दिवशी पेज व्हिटफील्डने घरात रडून गोंधळ घातला, आणि ब्रुक ॲन तिला घेऊन, उशी काखेत मारून पहाटे चर्चच्या दाराशी हजर झाली. “तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत म्हणे,” एवढंच ती बोलली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

बस चालली. थंड हवेचं यंत्र पहिल्या तीन बाकांपुरतंच चाले, म्हणून दर तासाला मुलींची अदलाबदल. डोथानच्या सभागृहात बायकांनी चिकन आणि वाटाणे करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोचल्या, ट्वायलाच्या पोटरीचे स्नायू दगड झालेले, पण सगळ्या शाबूत.

स्पर्धेच्या दिवशी तिने मुलींना दाराशी उतरवलं. बस उभी करायची जागा भरली होती. पिवळ्या जाकिटातल्या माणसाने तिला दीड-दोन मैल लांबच्या मैदानावर पाठवलं. तिथे चाळीस डॉलर भरून बस लावली. परत आणणारी गाडी यायला वेळ लागला. तरी हिशेबाने हातात पाऊण तास होता. तिला ठाऊक नव्हतं की आत तीन टीम आल्याच नव्हत्या आणि मुलींची पाळी लवकर आली होती.

दारावर तिकिटाची रांग. खिडकीतली पोरगी म्हणाली, “पन्नास.”

“अगं, माझी मुलगी आत खेळतेय. मी आई आहे तिची.”

“इथे सगळ्या आयाच आहेत, मॅडम.”

पन्नास भरून, मनगटावर कागदी पट्टा चिकटवून ती धावत आत गेली. दोन दारं चुकली. तिसऱ्यातून शिरली तेव्हा गादीवरून निळ्या गणवेशातल्या मुली रांगेने उतरत होत्या. शेवटच्या मुलीच्या पाठीवरचा वेणीचा शेंडा तिने ओळखला. केंडल मान वळवून वळवून लोकांत कुणाला तरी शोधत होती.

बाहेरच्या बोळात केंडल तिच्या अंगावर झेपावली. “आई! पाहिलंस ना? दुसऱ्या वेळी पाय किती ताठ होता माझा? पाहिलंस?”

ट्वायलाच्या ओठावर ‘हो’ आलं होतं. ते निघालं नाही. “नाही गं बाळा. बस लांब लावायला लागली. पोचलेच नाही मी.”

केंडलचे हात सुटले. “मग आलीस कशाला?”

“बस कोण चालवणार होतं?”

केंडल रडत निघून गेली. ट्वायला भिंतीला टेकून उभी राहिली. ब्रुक ॲनने जवळ येऊन आपला फोन तिच्यापुढे धरला. तिने सगळं टिपलं होतं, पण पुढच्या माणसाच्या टोपीमागे अर्धा मनोरा गेला होता. केंडलचं डोकं आणि एक हात तेवढा टोपीवरून दिसत होता.

“चांगलं चित्रीकरण तिकडे विकत मिळतं,” ब्रुक ॲन म्हणाली. “पासष्ट डॉलर. नालायक मेले.” मग जरा थांबून, “घेऊ का? माझ्यासाठी म्हणून घेते.”

“नको. पुन्हा दाखव तू. ती टोपीच दाखव.” आणि दोघी हसायला लागल्या, इतक्या की ट्वायलाला खाली बसावं लागलं.

बावीस टीममध्ये त्यांचा चौदावा नंबर आला. एका मुलीचा गुडघा टेकला होता.

परतीच्या दिवशी केंडल शेवटच्या बाकावर तोंड फिरवून बसली होती. जॉर्जियाची हद्द लागल्यावर ती उठून पुढे आली आणि ट्वायलाच्या मागच्या बाकावर बसली. मग म्हणाली, “सुरुवातीला गाणं सुरूच झालं नाही. दोन सेकंद. मला वाटलं आता मेलो.”

“मग?”

“मग झालं सुरू. पेज कुजबुजली, हस गं हस. मी वर गेले...” ती आकडे मोजत सांगू लागली, पाच, सहा, सात, आठ, कुठे कुणाचा हात होता, कुठे पाय लटपटला. मध्येच दुसऱ्या मुलींनी मागून दुरुस्त्या केल्या. अडीच मिनिटं सांगायला तिला तास लागला. ट्वायला रस्त्यावरची नजर न काढता ऐकत होती, आणि मनोरा आला तेव्हा ॲक्सिलरेटरवरच्या पायाची टाच आपोआप उचलली गेली.

त्यानंतर दोन वर्षं मिस ट्रिनाने महिन्याची फी माफ करून ट्वायलाकडूनच टीमची ने-आण करून घेतली. केंडल चार इंच वाढली. वरच्या थरावर नवी, आठ वर्षांची मुलगी आली आणि केंडल खाली उभी राहून तिचा पाय धरू लागली. तिला ते फारसं आवडलं नाही, पण ती नीट धरायची. मग एका संध्याकाळी मक्याची भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, “पुढच्या वर्षी मी नाही जाणार. शाळेत धावायच्या टीममध्ये घेतायत मला. बुटांशिवाय काही लागत नाही.”

डेलने टेबलाखाली ट्वायलाचा गुडघा दाबला. त्याला वाटलं ती खूश होईल. ट्वायला उठून भांडी घासायला लागली आणि बराच वेळ वळली नाही.

पहिल्या मोकळ्या शनिवारी ती सवयीने पाचला उठली, कॉफी केली, अंगणात जाऊन गाडीच्या काचा पुसून आली. डेल उठला तेव्हा ती टेबलाशी नुसती बसली होती.

“शनिवारी लोक करतात तरी काय?” तिने विचारलं.

“झोपतात,” डेल म्हणाला आणि तिच्या कपातली उरलेली कॉफी पिऊन टाकली.